भांडण विथ, भांडण अगेन्स्ट

मराठी माणसाला भांडायला कारण लागत नाही, असं म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं; फक्त ते मोठं असावं लागत नाही. नळाचं पाणी, गॅलरीत वाळत घातलेली चादर, वरच्या मजल्यावरच्या कुंडीतून आपल्या भिंतीवर आलेला मातीचा एक ओघळ, एवढ्यावर आपलं छान भागतं. आणि एकदा तोंड उघडलं, की पुढचं व्याकरण आपोआप येतं. आपण शेजाऱ्याशी भांडतो, त्याच्यावर चिडतो, त्याला शिव्या देतो, त्याच्या अंगावर धावून जातो, त्याच्या नावानं खडे फोडतो, हात धुऊन त्याच्या मागे लागतो आणि अगदीच डोक्यावरून पाणी गेलं, तर त्याच्याविरुद्ध कोर्टात जातो. एकाच शेजाऱ्याला इतके प्रत्यय आणि इतकी शब्दयोगी अव्ययं लावून होतात. पण 'शी' लावू की 'वर' लावू, असं म्हणत भर भांडणात अडलेला मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

हेच भांडण इंग्रजीत करायचं म्हटलं, की मात्र राग नाकाच्या शेंड्यापर्यंत येतो आणि तिथंच प्रेपोझिशनची वाट बघत उभा राहतो. विथ म्हणावं, अगेन्स्ट म्हणावं, ऑन म्हणावं, की काहीच म्हणू नये? याचा निकाल लागेपर्यंत समोरचा माणूस जेवून झोपलेला असतो. इंग्रजी शिकल्यामुळे या देशात किती मारामाऱ्या टळल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

खरी गोम अशी आहे, की मराठीत हे चिमुकले शब्द नामाच्या मागून येतात, आगगाडीला डबा जोडावा तसे. इंग्रजीत ते नामाच्या पुढे चालतात, साहेबापुढे पट्टेवाला चालावा तसे. प्रेपोझिशन या शब्दाचा अर्थच मुळी 'पुढे ठेवलेलं' असा आहे. म्हणजे इंग्रजीत एखाद्याचं नाव घेण्याआधीच त्याचं आपलं काय नातं आहे, ते ठरवून टाकावं लागतं. मराठीत नाव आधी घेता येतं. नात्याचं मग बघता येतं.

हे सगळं ज्ञान मला आमच्या थोरल्या काकांकडून मिळालं. थोरले काका कोकणातल्या एका शाळेत इंग्रजीचे मास्तर होते. खेड्यातली बाकीची माणसं वासरू आजारी पडलं, की कासावीस व्हायची. काका प्रेपोझिशन चुकलं, की व्हायचे. रेन अँड मार्टिनचं व्याकरण त्यांच्या उशाशी असे. त्या पुस्तकात कुठल्या शब्दामागून कुठलं प्रेपोझिशन येतं, याच्या लांबलचक याद्या आहेत. त्यातले रेनसाहेब म्हणजे फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या शिपायांवर 'बो जेस्ट' ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन. बंदुका-संगिनींवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसानंच व्याकरणही लिहावं, यात काकांना काहीच नवल वाटत नसे. "लढाईची सवय असल्याशिवाय कोणी प्रेपोझिशनच्या वाटेला जाऊ नये," असं ते म्हणत.

वर्गात त्यांचा पहिला धडा हल्ल्याचा असायचा. पोरं हटकून 'अटॅक्ड ऑन द फोर्ट' असं लिहायची. काका फळ्यावर किल्ला काढायचे आणि विचारायचे, "मराठीत काय म्हणतोस?"

"किल्ल्यावर हल्ला केला, गुरुजी."

"म्हणजे केलं काय? हल्ला. हल्ला हे नाम. 'वर' आलं ते त्या नामासाठी. इंग्रजीतही नाम घेतलंस तर 'ॲन अटॅक ऑन द फोर्ट' म्हण, मी तुला पेढा देईन. पण क्रियापद घेतलंस, की सरळ 'अटॅक द फोर्ट'. मध्ये 'ऑन'ची शिडी लावायची नाही. अंगात दम असेल तर तसाच चढ!"

सगळी मेख या एका वाक्यात आहे. मराठीत आपण बहुतेक भांडणं 'करतो'. हल्ला करतो, विरोध करतो, प्रतिकार करतो. भांडण वेगळं आणि करणं वेगळं. इंग्रजीत दोन्ही एकाच क्रियापदाच्या पोटात असतं. म्हणून 'अपोझिशन'ला 'टू' लागतं, पण 'अपोज'ला काहीच लागत नाही. 'रेझिस्टन्स'ला 'टू' लागतं, 'रेझिस्ट' एकटं फिरतं. निवडणुकीचंही तसंच. 'कॉन्टेस्ट'च्या पुढे लोक उगीच 'फॉर' नाही तर 'इन' घालतात. खरं म्हणजे इथं मराठी आपल्या मदतीला धावून येते. आपण माणसाशी लढतो, पण निवडणूक लढवतो. निवडणुकीशी लढणारा उमेदवार अजून जन्माला यायचा आहे.

दुसरा धडा भांडणाचा. 'क्वारल' शब्द आला, की माणसाला 'विथ' आणि वस्तूला 'ओव्हर' किंवा 'अबाउट'. हे मात्र आपल्या घरचंच आहे. आपणही माणसाशी भांडतो आणि वस्तूवरून भांडतो. 'ओव्हर' म्हणजे वर, आणि 'वरून' म्हणजे तर वरूनच. ज्या वस्तूसाठी एवढं रामायण होतं, ती दोन्ही भाषांत बिचारी खाली पडलेली असते आणि माणसं तिच्या डोक्यावरून भांडत असतात.

तिसरा धडा मुलांना नव्हता, गावातल्या मोठ्या माणसांना होता. इंग्रजीत 'स्टँड अप फॉर' म्हणजे एखाद्याची बाजू घेऊन उभं राहणं आणि 'स्टँड अप टू' म्हणजे त्याच्यासमोर छाती काढून उभं राहणं. दोन अक्षरांचा फरक, पण त्यात नोकरी जाते. एका कचेरीतल्या हेडक्लार्कनं बदली होऊन निघालेल्या आपल्या कारकुनाला शिफारसपत्र दिलं. साहेब आले, की हा नम्रपणे उठून उभा राहतो, असं बिचाऱ्याला सांगायचं होतं. त्यानं लिहिलं, 'ही ऑल्वेज स्टँड्स अप टू हिज सुपीरिअर्स'. कारकून नव्या कचेरीत हजर झाला तो साहेबांशी टक्कर घेणारा म्हणून. पहिल्याच दिवशी त्याला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि पुढे सहा महिने त्याला कोणी जादा काम सांगितलं नाही. काकांना हे कळलं, तेव्हा प्रेपोझिशन चुकून कोणाचं भलं झाल्याचं हे एकमेव उदाहरण आहे, असं ते म्हणाले.

'फॉल आउट'चंही असंच. मित्राशी बिनसलं तर 'विथ' आणि खिडकीतून पडलं तर 'ऑफ'. दोन्हींत काहीतरी मोडतं. प्लास्टर मात्र एकातच घालता येतं. 'प्रोटेस्ट'ची तर दोन देशांत दोन घरं आहेत. इंग्लंडात युद्धाचा निषेध करायला 'अगेन्स्ट' लागतं. अमेरिकेत ते गाळून सरळ 'प्रोटेस्ट द वॉर' म्हणतात. इंग्लंडात 'अगेन्स्ट' गाळलं, तर एखादी गोष्ट ठासून सांगणं असा अर्थ होऊ लागतो. आरोपी आपलं निर्दोषपण 'प्रोटेस्ट' करतो तो असा. म्हणजे एकाच शब्दानं एका देशात बोंब मारायची आणि दुसऱ्या देशात शपथ घ्यायची.

पण काकांचं खरं प्रेम 'विथ'वर. 'द मराठाज फॉट विथ द इंग्लिश' हे वाक्य ते फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, "खरं की खोटं?" वर्ग खरं म्हणाला, की काका विचारायचे, "कुठल्या साली?" सगळी गंमत सालात होती. १७९० ते १७९२ या काळात पुण्याचं सैन्य टिपू सुलतानाशी लढलं ते इंग्रजांच्या जोडीनं; म्हणजे 'फॉट विथ द इंग्लिश'. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या मैदानावर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज आर्थर वेलस्लीशी लढली. तेही 'फॉट विथ द इंग्लिश'. आणि त्याच वेळी पेशवे दुसरे बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह करून इंग्रजांच्या छत्राखाली बसलेले. तेही 'विथ द इंग्लिश'च. पुढे १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला बाजीरावांचंच सैन्य इंग्रजांशी लढलं, पुन्हा 'विथ'. "आपलं राज्य का गेलं?" काका फळा पुसता पुसता म्हणायचे. "कोण कुठल्या अर्थानं 'विथ' आहे, हे शेवटपर्यंत कळलं नाही म्हणून."

यात इंग्रजांचाही दोष नाही. त्यांच्या जुन्या भाषेत 'विथ' या शब्दाचा अर्थच मुळी 'विरुद्ध' असा होता. 'विथस्टँड' म्हणजे समोरून येणाऱ्याला टक्कर देऊन उभं राहणं; त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'सोबत' या अर्थी त्यांच्याकडे 'मिड' असा वेगळा शब्द होता. तो हळूहळू मागे पडला आणि त्याची जागा या 'विथ'नं घेतली. 'मिड' आता उरलाय तो 'मिडवाइफ'मध्ये. मिडवाइफ म्हणजे सुईण, बाईच्या सोबत असलेली बाई. म्हणजे शेकडो वर्षं समोर उभा राहून भांडणारा शब्द हळूहळू सरकत सरकत शेजारी येऊन बसला. पुष्कळ नवरा-बायकोंचं असंच होतं, पण त्याला व्याकरणात नाव नाही.

आपला 'शी' तर याहून वस्ताद. 'ने, ए, शी' असं शाळेत घोकून आपण त्याला तृतीया विभक्तीत कोंबला आणि विसरलो. पण त्याचा संसार बघा. मैत्री कोणाशी, बोलणं कोणाशी, लग्न कोणाशी, भांडण कोणाशी. इतकंच काय, अबोला धरायचा तोही कोणाशी तरीच. नुसतं 'मी त्याच्याशी' एवढं म्हणून थांबलं, तर पुढे वरात येणार आहे की वरवंटा, हे कोणी सांगू शकणार नाही. इंग्रजीत 'मॅरी'ला 'विथ' लागत नाही. आपली माणसं लावतात, ते चूक. 'मॅरी हर' एवढंच. म्हणजे इंग्रजी व्याकरणात लग्न आणि हल्ला एकाच रांगेत बसतात; दोन्हींत मध्ये कोणी नको. आपण मात्र लग्न आणि भांडण एका रांगेत बसवलं आणि दोन्हींच्या मध्ये 'शी' ठेवला.

हा 'शी' किती मोलाचा आहे, ते मला काकांच्याच घरी कळलं.

थोरले काका आणि धाकटे काका एकाच घरात राहायचे. अर्धं घर यांचं, अर्धं त्यांचं, पडवी सामाईक. धाकटे काका पोस्टातून निवृत्त होऊन गावी आले आणि दोघांचं फणसावरून जुंपलं. झाडाचा बुंधा थोरल्यांच्या हद्दीत, पण फणस पडायचे ते धाकट्यांच्या अंगणात. रोज सकाळी चहा झाला, की दोघं पडवीत यायचे आणि तासभर मनसोक्त भांडायचे. मग थोरली काकू आतून "अहो, पुरे आता, पेज निवतेय" म्हणायची आणि दोघं आपापल्या अर्ध्यात जेवायला जायचे.

एकदा धाकट्यांनी रागाच्या भरात नोटीस दिली. मराठी नोटिशीला दरारा नसतो, म्हणून इंग्रजीत दिली, आणि ती स्वतः लिहिली: 'आय शॅल फाइट अगेन्स्ट यू फॉर द जॅकफ्रूट ट्री अँड अपोज अगेन्स्ट युवर एन्क्रोचमेंट.' तिसऱ्या दिवशी नोटीस परत आली. 'अपोज'पुढचं 'अगेन्स्ट' लाल शाईनं खोडलं होतं. 'फॉर'ला गोल करून वर 'ओव्हर' लिहिलं होतं आणि समासात शेरा होता: 'फॉर म्हणजे झाडाच्या बाजूने. झाडाची काही तक्रार नाही. आशय चांगला. प्रेपोझिशनकडे लक्ष द्यावे. १० पैकी ४.'

धाकटे काका असे भडकले, की त्यांनी त्याच रात्री दुसरी नोटीस लिहिली. तिला ५ मिळाले. मग हे सुरूच राहिलं. दर पावसाळ्याआधी, फणस पिकले, की नोटीस जायची आणि लाल होऊन परत यायची. चार वर्षांत धाकटे काका १० पैकी ८ पर्यंत पोचले. पोस्टात असताना इंग्रजीच्या ज्या परीक्षेला ते बसलेच नव्हते, ती निवृत्तीनंतर घरबसल्या चालली होती.

पाचव्या वर्षी कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं आणि ते तालुक्याला जाऊन वकिलाकडून नोटीस घेऊन आले. त्या नोटिशीत एकही चूक नव्हती. थोरल्या काकांनी ती तीनदा वाचली. मग लाल पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवून दिलं.

पुढे दावा लागला. वादी धाकटे, प्रतिवादी थोरले. कोर्टाच्या कागदावर दोघांची नावं छापली गेली आणि मधे शब्द आला, 'विरुद्ध'. कोर्टात 'शी' चालत नाही. पडवीतलं भांडण बंद झालं, कारण आता ते भांडायला वकील नेमले होते. दोघं सकाळी चहा झाला, की आपापल्या खिडकीशी बसायचे. तारखा पडत राहिल्या. फणस पडत राहिले आणि कोणी उचलेना. "भांडत होते तेव्हा निदान घरात आवाज तरी असायचा," थोरली काकू म्हणायची.

त्या दिवसांत एकदा थोरले काका मला म्हणाले, "आपल्याकडे कसं, केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य. १९७३ चा एवढा मोठा निकाल, त्यातही 'विरुद्ध'च. इंग्लंडात गंमत आहे. दोन नावांच्या मधे लिहितात नुसतं 'व्ही'. पण वाचताना, खटला फौजदारी असेल तर त्याला म्हणतात 'अगेन्स्ट', आणि दिवाणी असेल तर 'अँड'. अमका अँड तमका." मग पलीकडच्या खिडकीकडे न बघता म्हणाले, "आमचा दिवाणीच आहे."

त्या वर्षीच्या थंडीत थोरले काका गेले. धाकट्या काकांनी सगळं केलं. खांदा दिला, दहा दिवस सुतक पाळलं आणि कोणाशी एक अक्षर बोलले नाहीत. तेराव्यानंतर वकील स्वतः आले. प्रतिवादी वारला, तर त्याच्या वारसांना रेकॉर्डवर आणण्यासाठी ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, नाही तर दावा आपोआप संपतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. थोरल्यांना दोन मुलगे, एक मुलगी. 'विरुद्ध'ला माणसांची टंचाई नव्हती. धाकट्या काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण आता भांडू कोणाशी?" वकिलांना तो कायदेशीर प्रश्न वाटला. ते म्हणाले, "तीनही वारसांशी." काका उठून आत गेले.

९० दिवस गेले. काकांनी अर्जावर सही केली नाही. शेवटी वकिलांचं इंग्रजी पत्र आलं. मी तेव्हा तिथंच होतो. काकांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं: 'युवर सूट अगेन्स्ट युवर लेट ब्रदर स्टँड्स अबेटेड.'

"म्हणजे?"

"म्हणजे दावा संपला, काका."

"कोण जिंकलं?"

"कोणीच नाही."

काकांनी पत्र मागून घेतलं. चष्मा लावला. मग मागच्या दारानं थोरल्या काकूकडे जाऊन ते लाल पेन मागून आणलं. पत्रातल्या 'अगेन्स्ट'वर सावकाश काट मारली आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'विथ'.

व्याकरणाच्या दृष्टीनं ते चूक होतं. दाव्याला 'अगेन्स्ट'च लागतं, आणि मी ते सांगायला तोंडही उघडलं होतं. पण काका खिडकीतून फणसाकडे बघत होते.

"दादा असता ना," ते म्हणाले, "तर एवढ्यावरूनसुद्धा भांडला असता माझ्याशी."